खिडकी बंद का आहे, ते आधी विचार

प्रिय,

तुझा मेल वाचला, सोबतची प्रश्नावलीही पाहिली. मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन इमारतींची पाहणी तुझ्याकडे आली, हे फार बरं झालं. आपल्याकडे भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला जायची परवानगी, हातात पडलं की आर्किटेक्ट, बिल्डर, मंजुरी देणारे सगळे मोकळे होतात. पुढची चाळीस-पन्नास वर्षं त्या इमारतीत माणसं कशी राहतात, हे बघायला सहसा कुणी परत फिरकत नाही. तू जाते आहेस, तर नीट बघून ये. पण प्रश्नावलीतला पहिलाच प्रश्न, ‘घराबाबत तुम्ही किती समाधानी आहात, 1 ते 5’, तेवढा काढून टाक.

झोपडपट्टीतून पक्क्या घरात आलेलं माणूस तुला 4 नाहीतर 5 सांगणार. ते खोटं नसतं. स्वतःच्या दाराआडचा संडास, घरात येणारं नळाचं पाणी, पावसात न गळणारं छप्पर, याचं मोल त्यांना ठाऊक आहे. शिवाय हातात फाइल घेऊन आलेल्या अनोळखी पोरीपुढे घराची निंदा केली तर घरच जायचं, ही धास्तीही असते. मत विचारू नकोस, कालचा दिवस विचार. काल दुपारी ही खिडकी उघडी होती का? ट्यूबलाइट किती वाजता लावली? रात्री कोण कुठे झोपलं? धुणं कुठे वाळत घातलं? लिफ्ट बंद होती तेव्हा आजी खाली कशा उतरल्या? आणि हे शक्यतो दुपारी विचार, घरातल्या बाईला, पुरुष कामावर गेलेले असताना. संध्याकाळी गेलीस तर उत्तरं नवरा देईल, आणि तो दिवसभर घरात नसतो.

आता खिडकीचं सांगते, कारण तुझं निम्मं काम तिथेच आहे. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतीत दोन इमारतींमधलं अंतर जेमतेम 3 मीटर. नकाशात खोलीला खिडकी आहे. उष्ण-दमट हवामानात खोलीच्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक-षष्ठांश इतकी खिडक्या-झरोक्यांची उघडी जागा हवी, असं राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. नकाशा तपासणारा तेवढा हिशेब करतो आणि सही करतो. तू मात्र तळमजल्यावर जाऊन उभी राहा. त्या तीन मीटरच्या बोळात वरच्या मजल्यांवरून कचरा पडतो, सांडपाण्याचे पाइप गळतात, उंदीर फिरतात. म्हणून खिडकी बंद. खिडकी बंद म्हणून हवेसाठी दार उघडं. दार उघडं ठेवलं तर पॅसेजमधून येणाऱ्या-जाणाऱ्याला अख्खं घर दिसतं, कारण घर म्हणजे एकच खोली. म्हणून दाराला पडदा. पडद्याने हवा अडली, म्हणून पंखा दिवसभर चालू, आणि सकाळी अकरा वाजता ट्यूबलाइट. ते सगळं महिन्याच्या वीजबिलात. ‘वायुवीजन: चांगलं / बरं / वाईट’ अशा तुझ्या तीन चौकटींत यातलं काय मावणार? खिडकी मोठी करून इथे काही होणार नाही. गोष्ट सुरू होते ती कचरा उचलण्यापासून, आणि त्याहून आधी, दोन इमारती इतक्या जवळ बांधायला मुभा देणाऱ्या नियमापासून.

हे नुसत्या गैरसोयीपुरतं नाही. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेचा या भागातल्या तीन वसाहतींचा अभ्यास 2018 साली आला. नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंडात क्षयरोगाचं प्रमाण, मोकळ्या मांडणीच्या पीएमजीपी कॉलनीपेक्षा बरंच जास्त आढळलं, आणि खालच्या मजल्यांवर, जिथे ऊन-वारा पोचत नाही, तिथे धोका अधिक दिसला. क्षयाला दाटी, कुपोषण, अर्धवट सोडलेले उपचार अशी इतरही कारणं असतात, हे अहवालात लिहायला विसरू नकोस. नाहीतर पहिल्याच बैठकीत कुणीतरी तेवढंच धरून सगळा अभ्यास बाजूला सारेल.

मोजमापाबद्दल थोडं. लक्समीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, घेऊन फिरताना एकाच रांगेतली तळमजल्याची, मधली आणि सर्वात वरची खोली घे, एकाच दिवशी, एकाच तासाला. कार्बन डायऑक्साइडचा मीटर रात्रभर ठेव. बाहेरच्या हवेत हे प्रमाण साधारण 420 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 420 भाग, असतं. पाच माणसं दारं-खिडक्या लावून झोपलेल्या खोलीत पहाटेपर्यंत ते कुठवर चढतं, त्यावरून ताजी हवा किती येते ते कळेल. पण मीटर ठेवण्याआधी घरच्यांना तो काय मोजतो ते सांग, आवाज टिपत नाही हे तर नक्की सांग. एप्रिलमध्ये एक फेरी आणि जुलैमध्ये दुसरी हवीच. पावसाळ्यात भिंतीची ओल, आत वाळणारे कपडे, बुरशी हे सगळं वर येतं. फेब्रुवारीत पाहणी उरकणाऱ्याला मुंबईतली प्रत्येक इमारत छान दिसते.

तापमानाच्या बाबतीत परदेशी पुस्तकातला तक्ता आंधळेपणाने लावू नकोस. माणसाला किती तापमान सुखाचं वाटतं, याचं फांगर या डॅनिश संशोधकाचं सूत्र 1970 च्या सुमाराचं, प्रयोगशाळेच्या बंद खोलीत बसवलेल्या अमेरिकन आणि डॅनिश विद्यार्थ्यांवर बेतलेलं. आपल्या कार्यालयांमधल्या माणसांना विचारून अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने वेगळं प्रारूप बांधलं, आणि 2016 च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत ते आलं. पंख्याखाली बसायची सवय असलेल्या माणसाला बरीच जास्त उष्णता चालते, असं त्यातून दिसतं. तेही कार्यालयांचं आहे, दोन गॅस शेगड्या पेटलेल्या एका खोलीच्या घराचं नाही. तेव्हा तुझ्या नोंदी जपून ठेव.

ब्रिटनमध्ये 1995 ते 2002 या काळात ‘प्रोब’ नावाने वापरातल्या इमारतींचे अभ्यास झाले आणि इमारतींची नावं घालून छापले गेले. वीज अंदाजापेक्षा पुष्कळ जास्त जळते आणि यंत्रणा इतक्या गुंतागुंतीच्या की सांभाळणाऱ्यालाच उमगत नाहीत, असं त्यातून पुन:पुन्हा दिसलं. नावं घालून छापणं मला जास्त धाडसाचं वाटतं. आपल्याकडे असं कुणी केलं तर आधी वकिलाची नोटीस येईल.

वेळ काढून एकदा बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजलाही जा. चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी 1980 च्या दशकात बांधलेली ही कमी उंचीची घरं: मधल्या छोट्या चौकाभोवती सात-सात घरं, शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही, म्हणजे ज्याला जसं जमेल तसं वाढवता यावं. आज मूळ घरं फार थोडी उरली आहेत. बहुतेकांनी पाडून दुमजली-तिमजली बांधली, ग्रॅनाइट लावलं, बाल्कन्या काढल्या. फोटो घेऊन येणारे विद्यार्थी हळहळतात. मला त्यात हळहळण्यासारखं काही दिसत नाही. घर वाढावं हाच तर बेत होता. तू तिथे घरं बघू नकोस, चौक बघ. भिंत चौकात सरकली का, तिथे गाड्या लागतात का, पोरं खेळतात का. घरं बदलली आणि चौक टिकले असतील तर मांडणी चालली असं म्हण. चौक गिळले गेले असतील तर तसंही लिही.

बेलापूरच्या माणसाने जे बदललं ते डोळ्यांना दिसतं. मानखुर्दच्या आठमजली इमारतीत भिंत हलवायची सोय नाही, तिथे अडचण पडद्यात, फडक्यात, पॅसेजमध्ये ठेवलेल्या पिंपात आणि लिफ्टसाठी वर्गणी न दिलेल्या घरांच्या यादीत सापडते. प्रत्येक घरातल्या अशा तजविजींची वेगळी नोंद ठेव, जमलं तर हाताने रेखाटून. फोटो विचारूनच काढ, माणसं त्यात नकोत.

शेवटी अहवालाचं. कुणालाही ‘तुमची खिडकी करून देऊ’ असं कबूल करू नकोस. तुझ्या हातात ते नाही. पण जे काढशील ते आधी त्याच इमारतीच्या आवारात, सोप्या मराठी-हिंदीत वाचून दाखव. चुका तिथेच कळतील. मग अहवालाचे दोन भाग कर: बोळाची सफाई, पाइपांची गळती, पॅसेजचे दिवे हे सोसायटी आणि महापालिकेने या वर्षात करण्यासारखं, इमारतींमधलं अंतर, खालच्या मजल्यांचा वापर हे नियम बदलणाऱ्यांसाठी. दोन्ही एकत्र घातलंस तर सोसायटीचा सेक्रेटरी म्हणेल हे सरकारचं काम, आणि सरकार म्हणेल हे सोसायटीचं.

सुधारलेली प्रश्नावली पुढच्या आठवड्यात पाठव. दोन पानांच्या वर नको. लक्समीटर माझ्याकडे आहे, घेऊन जा. कॅलिब्रेशन, म्हणजे ते बरोबर मोजतं का याची तपासणी, मात्र तू करून घे.

अनेक आशीर्वाद.