द्राक्षबागेतील पेस्टिंग, फवारणी आणि मजुरांची विषबाधा

विचारणा : तासगाव तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदारांनी कळविले आहे की, ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइड या रसायनाची पेस्ट लावणाऱ्या टोळीतील एका गड्याचा चेहरा रात्री लालबुंद झाला, छाती धडधडू लागली आणि उलट्या झाल्या, हा त्रास उन्हाचा समजावा की औषधाचा? मिरज तालुक्यातील दुसऱ्या बागायतदारांची विचारणा अशी आहे की, फवारलेल्या बागेत विरळणीसाठी (घडातील जादा मणी काढण्यासाठी) बायका किती तासांनी सोडाव्यात आणि तोंडाला रुमाल बांधणे पुरेसे आहे काय?

सल्ला : पहिल्या विचारणेत एका गोष्टीचा उल्लेख नाही, ती म्हणजे त्या गड्याने काम सुटल्यावर दारू घेतली होती काय. हायड्रोजन सायनामाइड अंगात भिनल्यावर दारूचे शरीरात होणारे विघटन अर्ध्यावरच अडते, त्यातून तयार झालेले अॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य रक्तात साठत जाते आणि मग चेहरा लाल होणे, डोके ठणकणे, धाप लागणे, उलट्या होणे व रक्तदाब घसरणे ही लक्षणे थोड्याशा दारूनेही दिसू लागतात. म्हणून पेस्टिंगच्या आदल्या दिवसापासून काम संपल्यानंतर सात दिवसांपर्यंत दारू पूर्ण वर्ज्य ठेवावी. हा विषय टोळीसमोर काढण्यास बहुतेक बागायतदारांना संकोच वाटतो. तरीही काम ठरवितानाच मुकादमामार्फत ही अट सर्वांना स्पष्ट सांगावी आणि ज्याला ती पाळणे जमणार नाही, त्याला त्या आठवड्यात दुसरे काम द्यावे. गड्याने दारू घेतलीच नसेल, तरी केवळ ऊन समजून घरी न ठेवता त्याला डॉक्टरांना दाखवावे. या रसायनावर विशिष्ट उतारा नाही, उपचार लक्षणांनुसारच करावे लागतात, त्यामुळे डॉक्टरांना औषधाचे नेमके नाव कळणे फार महत्त्वाचे आहे.

हेच रसायन कातडीला लागल्यास आग होते, चट्टे उठतात व फोडही येतात. पेस्ट कापडाने किंवा स्पंजने लावली जात असल्याने आणि काडी डोक्याच्या उंचीवर असल्याने द्रावण बोटांवरून मनगटाकडे व तिथून कोपराकडे ओघळते. पेस्टमध्ये खुणेसाठी रंग मिसळला असेल, तर हा ओघळ बाहीवर उघड दिसतो. सुती हातमोजे या कामी मुळीच वापरू नयेत, कारण ते द्रावण शोषतात आणि दिवसभर कातडीला चिकटून राहतात. नायट्राइल रबराचे लांब हातमोजे घ्यावेत, बाहीचे टोक मोज्याच्या आत खोचावे आणि मोज्याची कड बाहेरच्या बाजूने दुमडावी, म्हणजे ओघळ त्या दुमडीत अडतो. खाली वाकून जमिनीलगत फवारताना याच्या उलट, म्हणजे बाही मोज्यावरून, ठेवावी.

रुमालाबाबत उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. रुमालाने वाफ अडत नाही, आणि तो तुषारांनी भिजला की औषधाची पट्टीच नाकातोंडावर बांधल्यासारखे होते. मात्र केवळ नाकाचा विचार करणेही अपुरे आहे, कारण फवारणी करणाऱ्याच्या अंगात औषध मुख्यतः कातडीतून जाते. पाठीवरच्या पंपाची गळती पाठीवरून जांघेत उतरते आणि तिथली कातडी हाताच्या कातडीपेक्षा कितीतरी पट अधिक औषध शोषते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे अनेक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले. तेथे पीक डोक्याइतके वाढल्याने तुषार तोंडावर व अंगावर येत होते. आपल्याकडील द्राक्षाच्या मांडवात तर प्रत्येक फवारणी डोक्यावरच होते. त्यामुळे रुंद कडेची टोपी, चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा, प्लास्टिकचा एप्रन, गमबूट आणि लेबलवर सांगितले असल्यास कार्ट्रिजचा (वाफ शोषणाऱ्या गाळणीचा) मास्क ही साधने बागायतदाराने स्वतः पुरवावीत. मजुराने ती घरून आणावीत ही अपेक्षा चुकीची आहे. कीटकनाशके नियम, १९७१ मध्येही संरक्षक कपडे, श्वसनसाधने व कामगारांचे प्रशिक्षण यांची तरतूद आहे. औषध कालविताना ते सर्वांत तीव्र असते, म्हणून ते काम जाणत्या माणसाकडेच द्यावे आणि तुंबलेला नोझल तोंडाने फुंकू देऊ नये.

विरळणीसाठी बागेत पुन्हा शिरण्याचा कालावधी लेबलवर दिलेला असल्यास तोच पाळावा. तसा उल्लेख नसल्यास डब्यावरील विषारीपणा दाखविणारा रंगीत त्रिकोण पाहून लाल व पिवळ्या त्रिकोणाच्या औषधांसाठी ४८ तास आणि निळ्या व हिरव्यासाठी २४ तास धरावेत. काढणीपूर्व प्रतीक्षा काळ, म्हणजे शेवटची फवारणी व काढणी यांत ठेवायचे अंतर, हा खाणाऱ्यासाठी असतो, त्याची याच्याशी गल्लत करू नये. पहाटेच्या दवाने पानांवरचे औषध पुन्हा ओले होते व घड हाताळताना हातांना लागते, म्हणून मुदत संपली तरी दव सुकल्यावरच काम सुरू करावे आणि जेवणापूर्वी साबण व पाणी बांधावरच उपलब्ध ठेवावे. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू न देता वेगळे धुवावेत.

घाम व लाळ सुटणे, नजर अंधुक होणे, बाहुल्या बारीक होणे, स्नायू थरथरणे ही लक्षणे ऑर्गॅनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटातील औषधांची असू शकतात. अशा वेळी दूध, मीठपाणी किंवा तूप पाजू नये आणि उलटी करवू नये. भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुवावे, डोळ्यांत गेले असल्यास ते पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावेत, रुग्ण बेशुद्ध होत असल्यास त्याला कुशीवर झोपवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णासोबत औषधाचा डबा किंवा निदान त्यावरचे लेबल व माहितीपत्रक अवश्य पाठवावे, आणि त्या दिवशी टाकीत दोन-तीन औषधे एकत्र मिसळली असतील, तर त्या सर्वांची नावे डॉक्टरांना सांगावीत.