पथक हाती घेण्यापूर्वी

अमळनेर

चि. मित्रास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

शहादा तालुक्यातील तुझ्या शाळेने स्काऊट पथकाची जबाबदारी तुझ्याकडे दिली आणि डिसेंबरात मुलांना सातपुड्यातील तोरणमाळला शिबिरासाठी नेण्याचा तुझा विचार आहे, हे वाचून फार समाधान वाटले. तू स्वतः राज्य पुरस्कारापर्यंत पोहोचलेला स्काऊट आहेस, त्यामुळे गाठी, शिट्टीचे संकेत, ध्वजारोहण किंवा शेकोटीचा कार्यक्रम यांबद्दल मी काही लिहावे अशी गरज नाही. ज्या गोष्टीविषयी मला मनापासून लिहावेसे वाटते ती वेगळी आहे. हे काम स्वयंसेवी आहे, त्याचा वेगळा मोबदला मिळत नाही, आणि म्हणून आपल्याकडे नकळत असे धरले जाते की जो आपला वेळ घालून करतो आहे, त्याच्याकडून काटेकोरपणाची फार अपेक्षा ठेवू नये. ही समजूत तू पहिल्या दिवसापासून नाकारावीस. तोरणमाळच्या गाडीत मुलाला बसवून देणारी आई तुला मानधन मिळते की नाही हे विचारत नाही. तिच्या दृष्टीने तिचे मूल चार दिवस तुझ्या स्वाधीन असते, आणि तेवढ्या काळात तुझ्यावरची जबाबदारी कोणत्याही पगारी माणसापेक्षा कणभरही कमी नसते.

म्हणून पहिली गोष्ट प्रशिक्षणाची. भारत स्काऊट्स आणि गाईड्सचा बेसिक कोर्स केल्याशिवाय मुलांना मुक्कामी नेऊ नकोस. जिल्हा संस्थेकडून निरोप येईल तेव्हा बघू, असे म्हणत अनेक शिक्षक वर्षे काढतात आणि तोवर शिबिरे घेत राहतात. हे मला मुळीच मान्य नाही. बेसिकनंतर ॲडव्हान्स आणि पुढे हिमालय वूड बॅज असा तो क्रम आहे. प्रौढांनीही तंबूत राहून, संघात विभागून, स्वतःच्या हाताने चूल पेटवून शिकायचे, ही पद्धत 1919 साली लंडनजवळच्या गिलवेल पार्कमध्ये सुरू झाली आणि आपल्याकडे पचमढीच्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रातही त्याच रीतीने शिकवले जाते. त्यात मोठा शहाणपणा आहे, कारण रात्री ओल्या जमिनीवर झोपलेल्या मुलाला काय होते हे तशी रात्र काढलेल्या माणसालाच नीट कळते. मात्र प्रमाणपत्र मिळाले म्हणजे तयारी संपली असे समजू नकोस. प्रथमोपचाराचा हात वर्षभर न वापरल्यास विसरतो; दरवर्षी शिबिराआधी तो पुन्हा घासून घ्यावा लागतो.

आता तुझ्या डिसेंबरच्या बेताकडे वळतो, कारण तिथे आपल्या भागाचे काही प्रश्न असे आहेत जे कोणत्याही पुस्तिकेत तुला सापडणार नाहीत. पालकांचे संमतिपत्र तर घेच, पण तेवढ्यावर थांबू नकोस. शाळेच्या छापील नमुन्यावर सही किंवा अंगठा आणून देणे मुलांना सोपे असते, पण दिवाळीनंतर तुझ्या पथकातील कितीतरी मुलांचे आईबाप ऊसतोडीला गुजरातमध्ये गेलेले असतील आणि घरी आजी किंवा मोठी बहीण असेल. अशा वेळी त्या कागदावरची सही कोणाची आहे, रात्री अकरा वाजता फोन करायची वेळ आली तर तो कोण उचलेल आणि दवाखान्यात निर्णय कोण देईल, हे सगळे आधी कळले पाहिजे. म्हणून नवरात्राच्या सुमारास, कुटुंबे गावात असतानाच, प्रत्येक घरी स्वतः जाऊन ये. ओसरीवर बसून बोललेल्या अर्ध्या तासात जे कळते ते फॉर्मवर कधीही लिहिलेले नसते: मुलगा रात्री झोपेत चालतो, त्याला मधमाशी चावली की अंग सुजते, लहानपणी त्याला फिट यायची. मुकादमाचा नंबरही त्याच वेळी घेऊन ठेव, आईवडिलांपर्यंत तो अनेकदा सर्वांत लवकर पोहोचतो.

त्याच भेटीत सिकलसेलची तपासणी झाली आहे का, हेही विचार. नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी कुटुंबांत हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो, आणि शिबिरात जे जे घडते ते सगळे तो उफाळण्यास पुरेसे असते: अपुरे पाणी पिणे, दिवसभराची चढण, पहाटेची थंडी, तलावाच्या गार पाण्यात लांबलेली अंघोळ. अशा मुलाचे हातपाय आणि पाठ असह्य दुखू लागते. सकाळच्या कवायतीला न उठणाऱ्या मुलाला कोणी सहकारी आळशी ठरवून मैदानाला फेऱ्या मारायला लावत असेल, तर तू तिथेच थांबव. शिक्षा म्हणून पळवणे, उन्हात उभे करणे किंवा जेवण रोखणे हे कोणत्याही मुलाच्या बाबतीत तुझ्या पथकात असू नये. सिकलसेल असलेल्या मुलाच्या बाबतीत तर त्याने जीवावर बेतू शकते. ज्याला हा आजार आहे त्याला घरी ठेवू नकोस, त्याच्या डॉक्टरांना विचार, त्याला गरम कपडे आणि पाण्याची बाटली दे, आणि चढणीच्या दिवशी त्याच्याकडे मुक्कामावरचे मानाचे काम सोपव.

तोरणमाळला मुलांना नेण्याआधी तू आणि तुझा सहकारी एकदा जाऊन या. घाट कुठे अरुंद होतो, मोबाईलला रेंज कुठे मिळते आणि कुठे अजिबात मिळत नाही, पिण्याचे पाणी कुठून आणायचे, हे डोळ्यांनी पाहिले पाहिजे. जवळच्या सरकारी दवाखान्यात आत जाऊन भेट घे, सर्पदंशावरचे प्रतिविषाचे इंजेक्शन आता उपलब्ध आहे का आणि रात्री डॉक्टर असतात का हे विचार, आणि तिथे नसेल तर ते कुठे मिळेल आणि तिथवर कोणत्या वाहनाने जायचे हे ठरव. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आहेच, परंतु डोंगरात ती येईपर्यंत थांबायचे की आपल्या गाडीने निघायचे हा निर्णय आयत्या वेळी घेण्याचा नसतो. म्हणून एक वाहन आणि जागा राहणारा चालक शिबिराच्या पूर्ण काळ मुक्कामावरच असला पाहिजे. मुले उतरवून गाडी परत पाठवण्यात वाचणारे पैसे वाचवू नकोस.

सापांविषयी थोडे सविस्तर लिहितो. नाग, घोणस आणि फुरसे यांची भीती मुलांना असते. मण्यारीची त्यांना कल्पना नसते. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, आणि तिचा दंश अनेकदा दुखतही नाही, सुजतही नाही. पहाटे मूल पोटदुखी आणि उलटीची तक्रार करते, मग त्याच्या पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. त्याला रात्रीचे जेवण बाधले असे समजून ओव्याचे पाणी देत बसलेला माणूस त्याचा सर्वांत मोलाचा तास घालवतो. म्हणून झोपायच्या जागी मच्छरदाणी गादीखाली नीट खोचलेली असावी, रात्री बाहेर जाताना टॉर्च आणि बूट हवेतच, आणि पहाटेची अशी तक्रार दंशच आहे असे धरून थेट दवाखाना गाठावा. दंश कळला तरी जागा कापणे, चोखणे, दोरीने आवळणे यांपैकी काहीही करू द्यायचे नाही. हात किंवा पाय फळी बांधून स्थिर ठेवायचा, मुलाला चालवायचे नाही, आणि निघायचे. भगताकडे नेण्याचा आग्रह कोणी धरला तर वाद न घालता, त्यालाही गाडीत बरोबर घेऊन दवाखान्यातच जावे.

थंडीपायी मुले निखाऱ्याची शेगडी तंबूत किंवा बंद खोलीत नेण्याचा हट्ट करतील. त्या धुरातील विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेले मूल जागे होत नाही, एवढे त्यांना स्पष्ट सांगून शेगडी बाहेरच ठेव.

पाण्याच्या बाबतीत मी कठोर आहे, आणि तूही असावेस असे वाटते. स्काऊट चळवळ अवघ्या पाच वर्षांची असताना, 1912 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या लेझडाऊन किनाऱ्याजवळ स्काऊटांची होडी वाऱ्याच्या झोताने उलटली आणि नऊ मुलगे बुडाले. त्यांच्याबरोबर प्रौढ माणसे होती, हेतू चांगले होते. आपल्याकडे होड्या नाहीत, पण तापी आणि गिरणेच्या पात्रांत वाळू उपशाने पडलेले खड्डे आहेत. गुडघाभर पाण्यातून चालणारा मुलगा एका पावलात डोक्याच्या वर जातो. तोरणमाळच्या यशवंत तलावावर असो की गावाजवळच्या नदीवर, तू स्वतः आधी उतरून तळ तपासल्याशिवाय, दोरीने हद्द आखल्याशिवाय आणि पोहणारा प्रौढ काठावर उभा असल्याशिवाय एकही मूल पाण्यात जाणार नाही. मुलांच्या जोड्या लाव, शिट्टी वाजली की प्रत्येक जोडीने एकमेकांचा हात वर धरायचा. बुडणाऱ्याकडे काठी, दोरी किंवा बूच लावलेला रिकामा कॅन टाकायचा, त्याच्यामागे उडी घ्यायची नाही, हे मुलांकडून जमिनीवर पुन्हा पुन्हा करून घे. हे सगळे जमणार नसेल तर पाण्याचा कार्यक्रमच ठेवू नकोस. त्यावाचून शिबिराचे काही अडत नाही.

या सूचना मराठीतून दिल्या आणि मुलांनी एका सुरात “हो सर” म्हटले, एवढ्याने समाधान मानू नकोस. तुझ्या पथकात घरी पावरी, भिलोरी आणि अहिराणी बोलणारी मुले आहेत, आणि घाबरलेल्या मुलाला घरची भाषाच ऐकू येते. धोक्याच्या चार सूचना प्रत्येक संघनायकाकडून, म्हणजे संघाच्या प्रमुख मुलाकडून, त्याच्या संघाच्या भाषेत वदवून घे, आणि मग दुसऱ्याच एखाद्या मुलाला ती सूचना काय होती ते विचार.

संघपद्धतीचा खरा उपयोग इथे दिसतो. 1907 साली इंग्लंडमधील ब्राऊनसी बेटावर स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन पॉवेल यांनी वेगवेगळ्या थरांतील सुमारे वीस मुले एकत्र आणून त्यांचे चार संघ केले आणि प्रत्येक संघाचा भार एका मुलावर टाकला. वसतिगृहातील आणि गावातील मुले तूही एकाच संघात मिसळ. सहा-सात जणांच्या संघात कोण जेवला नाही, कोण रडतो आहे, कोणाचा पाय सोलला आहे, हे संघनायकाला तुझ्या आधी कळते. परंतु ते तुला येऊन सांगण्याची सवय त्याला शाळेच्या मैदानावर, शिबिराच्या कितीतरी आधी लागलेली असली पाहिजे. संघनायकाला शिस्तीचा अधिकार दे, शिक्षेचा देऊ नकोस. नव्या मुलांची ‘गंमत’ करण्याच्या नावाखाली मोठी मुले जे करतात, त्याला पहिल्याच वेळी आळा घाल.

आता सर्वांत अवघड विषयाकडे येतो, आणि तो मी टाळणार नाही. मुलांचे लैंगिक शोषण बहुतेक वेळा त्यांच्या विश्वासातल्या माणसांकडून होते, आणि स्वयंसेवी संघटनांत अशी माणसे मुलांच्या प्रेमाच्या नावाने शिरतात. बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिका या संस्थेने 2020 साली दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्या प्रकरणात अत्याचाराचे 82,000 हून अधिक दावे दाखल झाले. अशा अनुभवांतून जगभरच्या अनेक संघटनांनी घेतलेला नियम साधा आहे: कोणताही प्रौढ एकट्या मुलाबरोबर इतरांच्या नजरेआड राहणार नाही. दोन प्रौढ असल्याशिवाय शिबिर नाही. प्रौढ आणि मुले एका तंबूत झोपणार नाहीत. अंघोळीच्या जागी प्रौढाने जायचे नाही, मोबाईल तर नाहीच. कोणत्याही मुलाशी खासगी चॅटिंग नाही. बोलायचे असेल तर मैदानाच्या कडेला, सर्वांना दिसेल असे बसून बोल. हा नियम मुख्याध्यापकांना, पाहुण्या प्रशिक्षकाला आणि तुलाही सारखाच लागू आहे. कोणी म्हणेल की यात आमच्यावर अविश्वास दाखवला जातो. त्याला नम्रपणे सांग की नियम सर्वांना असल्यामुळे संशय कोणावरच राहत नाही. मुली असतील तर गाईड कॅप्टन, म्हणजे मुलींच्या पथकाची प्रमुख, आणि आणखी एक बाई मुक्कामाला हव्यातच, स्वच्छतागृहाच्या वाटेवर रात्रभर दिवा हवा, आणि सॅनिटरी पॅड मागावे न लागता मिळतील असे ठेवावेत.

एखाद्या मुलाने तुला काही सांगितले तर शांतपणे ऐक, त्याला खोदून विचारू नकोस, “कोणाला सांगणार नाही” असे वचन देऊ नकोस. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, 2012 च्या कलम 19 नुसार अशी माहिती असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा कलम 21 खाली स्वतंत्र गुन्हा आहे. शाळेच्या नावाला बट्टा लागेल, गावात बोभाटा होईल, आपसांत मिटवून घेऊ, असे सांगणारी वजनदार माणसे त्या वेळी तुझ्याभोवती जमतील. त्यांच्यापुढे उभे राहण्याचे बळ एकट्याने आणता येत नाही, म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत हे नियम वाचून दाखव आणि इतिवृत्तात नोंदवून घे. 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक मुलांना पाठ असू दे.

हे सगळे तू एकट्याने करू पाहशील तर दोन वर्षांत थकून जाशील; चांगली पथके अशीच बंद पडलेली मी पाहिली आहेत. गावातील निवृत्त जवान, आशाताई, कॉलेजात गेलेले तुझ्याच शाळेचे जुने स्काऊट यांना सोबत घे, पण त्यांनाही वरचे नियम आधी समजावून सांग आणि त्यांची चौकशी केल्याशिवाय मुक्कामाला नेऊ नकोस.

आणि एखादे वर्ष असे येईल की दुसरा प्रौढ आजारी पडेल, किंवा वाहन मिळणार नाही, आणि मुलांच्या पिशव्या भरलेल्या असतील. त्या वेळी शिबिर पुढे ढकल. शाळेच्या मैदानावरच तंबू ठोक, संध्याकाळी भरीत आणि कळण्याची भाकरी करा, आणि तोरणमाळ जानेवारीत करा. तुझ्या शिबिराचा आराखडा, बरोबर येणाऱ्या प्रौढांची यादी आणि दवाखान्याच्या भेटीची नोंद मला नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पाठव, म्हणजे काही राहून गेले असल्यास दुरुस्तीला वेळ मिळेल.

तुझा शुभचिंतक