पहिल्या जांभळ्या प्लेटवर भाळू नकोस
डेंग्यूवर वनस्पतीतलं संयुग शोधायला घेतलंयस, याचा मनापासून आनंद झाला. पण विषाणू सोडलेल्या पेशी अर्क घातल्यावर जगल्या म्हणून लगेच सरांकडे धावू नकोस. एमटीटी चाचणीत, म्हणजे पेशी जगल्या का हे रंगावरून पाहण्याच्या चाचणीत, जिवंत पेशी जांभळा रंग देतात, हे खरं. पण अर्कातली पॉलिफेनॉल्स ही वनस्पतिजन्य रसायनं पेशी नसतानाही तोच रंग आणू शकतात. माझे तीन महिने यातच गेले. तेव्हा प्रत्येक प्लेटमध्ये पेशींविना, नुसता अर्क घातलेल्या विहिरी (प्लेटमधले छोटे खळगे) ठेवच. हळदीतल्या कुरक्युमिनबाबत तर जास्तच सावध राहा. ते अनेक चाचण्यांत खोटा होकार देतं. शेवटी प्लाक, म्हणजे विषाणूनं पेशी मारून पाडलेले ठिपके, मोजूनच विषाणू कमी झाला का ते ठरव. आणि किती मात्रेला विषाणू अडतो, किती मात्रेला पेशीच मरतात, हे दोन्ही आकडे शेजारी मांड.

कॅस्टॅनोस्पर्मिनची गोष्ट नीट वाच. ऑस्ट्रेलियातल्या एका झाडाच्या बियांतून मिळालेलं हे संयुग पेशीतलं ग्लुकोसिडेज हे विकर (एन्झाइम) अडवतं, त्यामुळे विषाणूच्या प्रथिनांची घडी बिघडते. त्यापासून केलेल्या सेलगोसिव्हिरनं उंदीर वाचवले. मग सिंगापूरला 50 रुग्णांवर चाचणी झाली, 2014 मध्ये निष्कर्ष आले: औषध सुरक्षित, पण रक्तातला विषाणू लक्षणीय घटला नाही. ताप येऊन दवाखान्यात पोचेपर्यंत विषाणू आधीच उतरणीला लागलेला असतो, हीच या रोगातली मोठी अडचण.

घरचे पपईच्या पानांच्या रसाबद्दल विचारतीलच. त्यांना सांग, प्लेटलेट वाढणं म्हणजे विषाणू मरणं नव्हे. डेंग्यूत पोट दुखलं, उलट्या थांबेनात, तर आधी दवाखाना गाठा.