पेला ७३२३, चमचा ८२१५

"मॅडम, नोकरी जायच्या आत मला काहीतरी शिकायचंय. काय शिकू, तेवढं सांगा."

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तो हे बोलून मोकळा झाला. त्याला इथे सुहास म्हणते. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशीलही बदलले आहेत. वय ३८, राहायला ठाण्यात कोपरीला, नोकरी बेलापूरला एका सीएचएच्या ऑफिसात. न्हावा शेवा बंदरात उतरलेला माल कस्टम्समधून सोडवून द्यायचा, हे सीएचएचं काम. सुहास चौदा वर्षं आयातदारांच्या इन्व्हॉइसवरून बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आलेल्या मालाचा कस्टम्सला द्यायचा अर्ज, भरत होता. आता ऑफिसात नवं सॉफ्टवेअर आलं होतं. इन्व्हॉइसची पीडीएफ टाकली की रकाने आपोआप भरतात. टेबलावरच्या तिघांपैकी एकाला "दुसरीकडे बघायला लाग" असं सांगूनही झालं होतं. त्यात भर म्हणून साहेबांचे संध्याकाळी सातनंतरचे फोन. बोलणं कमी, ओरडणं जास्त.

नोकरी नकोशी झाली आहे, पण ती गेली तर आपल्याला घेणार कोण? ही घालमेल घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला दर आठवड्याला कोणी ना कोणी येतं. आणि बहुतेक जण सुहाससारखंच कोर्सचं नाव विचारतात.

सुहासने तर वर्षभरात तीन कोर्सना पैसे भरले होते. आधी डिजिटल मार्केटिंग, मग पायथन, मग डेटा सायन्स. तिसऱ्याचा महिन्याला ४,२०० रुपयांचा हप्ता अजून चालू होता. एकाही कोर्सचा चौथा धडा त्याने उघडलेला नव्हता. "माझ्यात चिकाटीच नाही," तो म्हणाला. मला ते पटलं नाही. ज्याच्यात चिकाटी नाही तो चौदा वर्षं आकडे न चुकवता बिलं भरत नाही. मी विचारलं, पैसे भरल्यावर कसं वाटायचं? थोडा वेळ गप्प राहून तो म्हणाला, "पैसे भरले त्या रात्री झोप लागायची. आठवड्याने पुन्हा उडायची."

हे वाक्य मी जपून ठेवलं आहे. हप्ता भरून त्याने एका रात्रीची झोप विकत घेतली होती. लोकांच्या भीतीवर कोर्स विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

झोपेचा विषय निघालाच होता, म्हणून भूक, चिडचिड, मनात येणारे विचार, सगळं सविस्तर विचारून घेतलं. त्याला फॅमिली डॉक्टरांकडेही पाठवलं. कामाच्या त्रासाने जगणंच नको वाटू लागलं असेल, तर आधी मदत घ्यायची, कोर्सचं नंतर पाहू. सरकारची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची सेवा मोफत आहे, रात्री-अपरात्रीही चालते, आणि तिथे मराठीत बोलता येतं. सुहासची तेवढी वेळ आली नव्हती, पण येते आहे हे अनेकांच्या लक्षातही येत नाही.

त्याला आठवड्याचं एकच काम दिलं. रोज रात्री वहीत लिहायचं: आज काय काय केलं, किती वेळ गेला, आणि ते करताना घड्याळाकडे पाहिलं का.

पुढच्या खेपेला तो वही घेऊन आला. माझ्या खोलीत सगळ्यांना स्टीलच्या पेल्यात पाणी आणि कपातून चहा देतात. चहा पिता पिता मी विचारलं, "पहिल्या दिवशी येत नव्हतं, असं काय काय आता तुम्हाला येतं?"

"काही नाही. टायपिंग."

"आणि टाइप करताना?"

"मालाचा कोड टाकावा लागतो. एचएस कोड. प्रत्येक वस्तूला असतो."

"या चमच्यालाही?"

तो हसला. दोन भेटींत पहिल्यांदाच. "हा पेला ७३२३. लोखंड-पोलादाची घरगुती भांडी. चमचाही स्टीलचाच, पण तो ७३२३ मध्ये जात नाही. तो ८२१५. चमचे, काटे, डाव यांना नावानिशी वेगळं हेडिंग दिलंय. हेडिंग म्हणजे कोडचे पहिले चार आकडे." मग त्याने रिकामा कप उचलला, खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि मागून बोटं फिरवून पाहिली. "सावली दिसतेय. पोर्सलेन आहे. ६९११. दिसली नसती तर बहुतेक ६९१२."

"आणि चुकलं तर?"

"ड्यूटी चुकते. ऑफिसर क्वेरी काढतो, कंटेनर अडकतो, ग्राउंड रेंट, म्हणजे पडून राहिल्याचं भाडं, चढायला लागतं. पार्टी बोंब मारते." एवढं बोलून कप खाली ठेवत तो म्हणाला, "पण हे काय कोणालाही येतं."

मला येत नव्हतं. वही उघडली तर तिथेही तेच दिसत होतं. टायपिंगच्या नोंदींपुढे घड्याळाकडे पाहिल्याच्या खुणाच खुणा. साहेबांच्या फोनपुढे 'पोटात गोळा'. आणि बुधवारी एका मशिनच्या सुट्या भागाच्या कोडवरून क्वेरी आली होती, तिचं उत्तर लिहिण्यात अडीच तास गेले होते. त्यापुढे खूण नव्हती.

तो वैतागलाच. "म्हणजे याच धंद्यात राहायचं? मला इथून सुटायचंय हो."

सुटायचंय, पण कशापासून? वहीप्रमाणे दोन गोष्टींपासून. ओरडण्यापासून, त्याला उपाय दुसरा मालक. आणि टायपिंगपासून, ते तर सॉफ्टवेअर काढून नेणारच होतं. डेटा सायन्स शिकून तो बाविशीतल्या मुलांच्या रांगेत शेवटी उभा राहिला असता, चौदा वर्षं मागे टाकून. सगळ्यांचं असं नसतं. घणसोलीच्या एका ताईंच्या वहीत सात दिवसांत खुणेविना एकही ओळ नव्हती. त्यांनी विक्रीचं काम सोडून बालवाडी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, आणि मी त्यांना अडवलं नाही.

सुहासचं अडत होतं ते वेगळ्याच ठिकाणी. कोड त्याला पाठ होते, पण ते तसे का, हे तो सांगू शकत नव्हता. "आमच्याकडे आधीपासून तिथेच टाकतात," एवढंच उत्तर. सुरुवातीला जुन्या सिनियरने दाखवलं, तेव्हापासून तेच चालू होतं. हे कोड १९८८ पासून जगभर लागू असलेल्या एका पद्धतीतून येतात. पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे, आपल्याकडे पुढे दोन जोडून आठ. वस्तू कुठे बसवायची याचे सहा नियम ठरलेले आहेत, शिवाय प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी टिपा असतात. सुहासने ते सहा नियम चौदा वर्षांत एकदाही सलग वाचले नव्हते.

म्हणून नवीन काही न काढता एवढंच शिकायचं ठरलं: जे हाताला येतं, त्याचं 'का'. सॉफ्टवेअर कोड सुचवेलही, पण तो चुकीचा आहे हे ओळखायला आणि ऑफिसरसमोर कारण मांडायला माणूस लागतो. त्यासाठी हप्ता भरायचीही गरज नव्हती. टॅरिफ, म्हणजे या कोडांची आणि त्यांच्या ड्यूटीची यादी, सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतं. एखादी वस्तू अमुक हेडिंगमध्येच का, याचे आगाऊ निर्णय देणारं कस्टम्सचं प्राधिकरण २०२१ पासून मुंबईत आहे, आणि त्याचे निर्णय कारणांसकट वाचायला मिळतात.

वेळेचंही ठरवलं. रात्री काही नाही. सकाळी ठाणे स्टेशनच्या ९ नंबर फलाटावरून बेलापूरला जाणाऱ्या गाडीत बसायला मिळालं की वीस मिनिटं वाचन. आठवड्यातून एक वस्तू निवडायची आणि वहीच्या एका पानावर लिहायचं: कोणती दोन हेडिंगं शक्य होती, कोणतं बरोबर, कोणत्या नियमाने. जोडीला एक्सेल, तेही ऑफिसातल्या रोजच्या याद्यांवरच. आणि परीक्षा एकच. क्लिअरिंगच्या माणसांना कस्टम्सचं कार्ड लागतं. परीक्षा न देता मिळतं ते एच, पास झाल्यावर जी. त्याच्याकडे इतकी वर्षं एचच होतं.

हे सगळं सुरळीत झालं असं नाही. गणपतीत वही बंद पडली ती दिवाळीपर्यंत. डेटा सायन्सवाल्यांनी पैसे परत दिले नाहीत. पुढचे हप्ते थांबवायलाच दोन महिने पत्रव्यवहार करावा लागला. जी कार्डाच्या परीक्षेत पहिल्या खेपेला तो नापास झाला. त्या संध्याकाळी तो आला तेव्हा पुन्हा तेच, "माझ्यात काही नाही." त्याची बायको सोबत होती. ती म्हणाली, "ताई, हे परवा आमच्या मिक्सरच्या भांड्याचा कोड शोधत बसले होते रात्री अकराला. कोर्सच्या वेळी कधी असं बसले नाहीत." त्यावर मला काही बोलावंच लागलं नाही. दुसऱ्या खेपेला तो पास झाला.

दहाव्या महिन्यात ऐरोलीच्या एका आयातदार कंपनीत मुलाखत ठरली. आम्ही दोनदा सराव केला, तोही मुख्यतः त्याने विचारायच्या एकाच प्रश्नाचा. "संध्याकाळी सातनंतर फोन येतात का?" हे विचारताना त्याचा आवाज बसायचा. नोकरी मागणाऱ्याने असं विचारू नये, असं त्याच्या मनात पक्कं बसलं होतं. मला वाटतं, विचारलंच पाहिजे. नाहीतर एका ओरडणाऱ्याकडून दुसऱ्याकडे जायचं. मुलाखतीत त्यांनी एक वस्तू पुढे ठेवली. त्याने वही काढली, तशाच एका वस्तूचं पान उघडलं आणि नियम वाचून दाखवला. एकतीस पानं भरली होती तोवर. फोनचा प्रश्न त्याने शेवटी विचारला. समोरच्या बाई म्हणाल्या, जहाज लागलेलं असेल तेव्हा येतात, एरवी नाही. तेवढं त्याला चालण्यासारखं होतं.

पगार फार वाढला नाही, २,५०० रुपयांनी. पहिले दोन महिने फोन वाजला की पोटात गोळा यायचाच. त्यासाठी तो आणखी चारदा आला.

परवा ठाणे स्टेशनवर भेटला. कोडांची पुढची सुधारित आवृत्ती १ जानेवारी २०२८ पासून लागू होणार आहे, तिच्यातले बदल वाचतोय म्हणाला. प्रवास आता दिघा सोडलं की ऐरोली, दोनच स्टेशनांचा. गाडीत वाचन होत नाही, म्हणून घरून वीस मिनिटं आधी निघतो आणि फलाटावरच्या बाकावर बसतो. माझ्याशी बोलता बोलता त्याची एक गाडी गेली. "जाऊ दे," म्हणत त्याने पान उघडलं.