खाज, चट्टे आणि हाताला लागेल ते मलम : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांतील तक्रारी वेगवेगळ्या असल्या, तरी एक मजकूर पुन्हा पुन्हा वाचायला मिळाला : "दुकानातून ट्यूब आणली, चार दिवस बरे वाटले, मग पूर्वीपेक्षा वाढले." म्हणून पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर देत आहे. ज्यांच्या घरात अशी अर्धवट वापरलेली ट्यूब असेल, त्यांनी ती हातात घेऊनच पुढचा मजकूर वाचावा.

प्रश्न : मी बसचालक आहे, वय ३४. आठ महिन्यांपूर्वी जांघेत गोल, लालसर चट्टा उठला. मलम लावले की तीन दिवसांत खाज थांबते, बंद केले की आठवड्यात दुपटीने परत येते. आता कमरेलाही चट्टे आहेत आणि पत्नीला व मुलीलाही तोच त्रास सुरू झाला आहे.

उत्तर : तुमच्या वर्णनावरून हे गजकर्ण, म्हणजेच नायटा, असावा. ही बुरशी त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत थरातील केराटिन या प्रथिनावर जगते आणि बाहेरच्या बाजूला पसरत जाते. त्यामुळे चट्ट्याची कड उंच व खवलेदार आणि मध्यभाग त्या मानाने स्वच्छ दिसतो. दिवसभर एका जागी बसून काम, घाम आणि घट्ट पँट या गोष्टी तिला पोषकच ठरतात.

मात्र आठ महिने हा आजार हटला नाही, याचे कारण बहुधा तुमच्या ट्यूबमध्येच आहे. ट्यूबच्या मागची बारीक अक्षरे वाचा. तेथे क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी एखादे नाव असेल, तर ते स्टेरॉइड आहे. आपल्याकडे खपणाऱ्या अनेक मलमांत बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि स्टेरॉइड अशी तिन्ही औषधे एकत्र असतात. बुरशीशी झगडताना शरीर जी प्रतिक्रिया देते, ती आपल्याला लाली आणि खाज या रूपाने जाणवते. स्टेरॉइड ही प्रतिक्रियाच दाबून टाकते. त्यामुळे रुग्णाला बरे वाटते, पण बुरशीला अडवणारे कोणी उरत नाही. पुढे चट्ट्याचा गोल आकारही पुसला जातो आणि अनुभवी डॉक्टरलाही आजार चटकन ओळखता येत नाही. जांघेतली त्वचा मुळातच पातळ असते. तेथे महिनोन्‌महिने स्टेरॉइड लावल्यास त्वचेवर ताणल्यासारखे पट्टे उमटतात आणि ते कायमचे राहतात. अशा मलमांची चिठ्ठीविना विक्री थांबवण्यासाठी केंद्र सरकारने २०१८ साली नियम कडक केले, तरीही ती सहज मिळतात, हे आम्ही रोज पाहतो आणि त्याचे मनापासून वाईट वाटते.

आणखी एक अडचण आहे. गजकर्णाची बुरशीही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. भारतीय उपखंडात पसरलेल्या एका प्रकाराला २०२० साली 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असे स्वतंत्र नाव देण्यात आले. या बुरशीवर टर्बिनाफिन हे नेहमीचे औषध अनेकदा चालत नाही. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी तुम्हाला लागू पडेलच, असे धरून चालू नका.

आता काय करावे? स्टेरॉइडचे मलम थांबवा; त्यानंतर काही दिवस खाज वाढेल, त्याला घाबरू नका. त्वचारोगतज्ज्ञ चट्ट्याच्या कडेचे खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहतील; ही तपासणी साधी आणि स्वस्त आहे. पोटात घेण्याचे औषध कित्येक आठवडे घ्यावे लागते. यकृताचा किंवा हृदयाचा आजार असल्यास तो डॉक्टरांना आधीच सांगा. बुरशीनाशक मलम चट्ट्याच्या कडेबाहेर साधारण दोन सेंटिमीटरपर्यंत लावावे आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही सांगितलेली मुदत पुरी करावी. तुम्ही तिघांनीही उपचार एकाच वेळी घ्यायला हवेत. टॉवेल वेगळे ठेवा, आतले कपडे गरम पाण्यात धुऊन उलटे करून उन्हात वाळवा. कमरेला करगोटा असेल, तर तो काढून टाका. ओलसर धाग्यात बुरशी टिकून राहते, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

प्रश्न : मी बारावीत शिकते. कपाळावर आणि हनुवटीवर सतत मुरूम येतात. आजी म्हणते रक्त अशुद्ध आहे, मैत्रिणी टूथपेस्ट लावायला सांगतात. मी दिवसातून पाच वेळा चेहरा धुते, तरी फरक नाही.

उत्तर : तुझे रक्त अशुद्ध नाही आणि तुझ्या स्वच्छतेतही काही कमी नाही. वयात येताना संप्रेरकांमुळे तैलग्रंथी मोठ्या होतात, रंध्रांच्या तोंडाशी मृत पेशी साचून ती बुजतात, आत तेल अडते आणि एरवी त्वचेवर निमूट राहणारे जिवाणू त्या बंद जागेत वाढून दाह होतो. हे सगळे त्वचेच्या आत घडत असल्याने पाच वेळा धुऊन ते थांबत नाही, उलट त्वचा कोरडी पडून चिडते. सौम्य फेसवॉशने दोनदा चेहरा धुणे पुरेसे आहे. टूथपेस्ट, लिंबू आणि खाण्याचा सोडा चेहऱ्याला लावू नकोस. लिंबाने भाजल्यासारखे काळे डाग पडलेल्या मुली आमच्याकडे येतात.

सौम्य मुरुमांसाठी दोन औषधे चांगली सिद्ध झालेली आहेत. सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के आणि रात्री अ‍ॅडापलीन ०.१ टक्का. दोन्ही एकदम सुरू न करता एकाने सुरुवात करावी, वाटाण्याएवढे औषध पूर्ण भागावर पातळ पसरावे आणि त्वचा सोलवटली तर एक दिवसाआड लावावे. फक्त उठलेल्या पुळीवर टिपका लावून उपयोग नाही, कारण पुढची पुळी शेजारीच तयार होत असते. पहिले दोन-तीन आठवडे त्रास वाढल्यासारखे वाटेल आणि खरा फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतील. याच काळात बहुतेक मुली औषध सोडून देतात. बेन्झॉइल पेरॉक्साइडने उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, हे आईला आधीच सांगून ठेव.

डोक्याला रात्रभर तेल लावून झोपत असशील, तर कपाळावरच्या पुळ्यांचे एक कारण तेही असू शकते. पाळी अनियमित असेल आणि हनुवटीवर जाड केस येत असतील, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांग. मुरूम मोठे, दुखरे, खड्डे पाडणारे असतील, तर मात्र घरी वेळ घालवू नकोस. एकदा पडलेला खड्डा भरून काढणे फार अवघड असते.

प्रश्न : लग्न दोन महिन्यांवर आले आहे. पार्लरमधून बिनलेबलच्या डबीतले क्रीम मिळाले. पंधरा दिवसांत चेहरा खूप उजळला. लग्नापर्यंत वापरू का?

उत्तर : कृपा करून आजच बंद करा. डबीवर घटकांची नावेच नाहीत, त्यामुळे आत बहुधा तीव्र स्टेरॉइड असेल किंवा पाऱ्याचे संयुग असेल, असे मानूनच वागावे लागते. पंधरा दिवसांत रंग उजळवणारी निर्धोक वस्तू अस्तित्वात नाही. स्टेरॉइडने चेहऱ्यावर बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुळ्या आणि नको तिथे केस येतात, आणि क्रीम थांबवताच चेहरा लाल होऊन जळजळतो. पारा त्वचेतून रक्तात शिरून मूत्रपिंडाला इजा करतो. अशा क्रीममुळे लघवीवाटे प्रथिने जाऊ लागलेल्या रुग्णांची नोंद केरळमधील डॉक्टरांनी अलीकडेच केली आहे. चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज असेल, तर लघवीची तपासणी करून घ्या आणि ती डबी डॉक्टरांना दाखवायला घेऊन जा. तुमचा मूळ रंग हा आजार नाही, त्यामुळे त्याला उपचारही नको.

प्रश्न : मी शेतकरी आहे, वय ५२. तीन वर्षांपासून पावसाळ्यात चेहरा, पापण्या, मान आणि कोपराच्या घड्या लाल होऊन खाजतात, कातडी जाड झाली आहे. सगळे म्हणतात, ऊन लागते. सावलीत बसूनही कमी होत नाही.

उत्तर : तुमच्या बांधावर गाजरगवत आहे का, हा माझा पहिला प्रश्न. मूळचे अमेरिका खंडातले हे तण भारतात १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम ठळकपणे नजरेस आले आणि तेथून देशभर पसरले. गाजरगवताच्या केसाळ पृष्ठभागावर आणि परागांत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. वाळलेल्या झाडाचा भुगा वाऱ्याबरोबर उडून उघड्या अंगावर बसतो. ज्यांच्या शरीरात या द्रव्याची अ‍ॅलर्जी तयार झाली आहे, त्यांना गवताला हात न लावताही त्रास होतो.

ऊन आणि गाजरगवत यांतला फरक आरशात पाहता येतो. उन्हाच्या त्रासात हनुवटीखालचा भाग, कानांमागची जागा आणि वरच्या पापण्या सावलीत असल्याने बहुधा वाचतात. हवेतून येणारी धूळ मात्र नेमकी तिथेच आणि घामाच्या घड्यांत साचते. तुम्ही पापण्यांचा आणि घड्यांचा उल्लेख केला आहे, म्हणून मला गाजरगवताची शंका अधिक वाटते. काही वर्षांनी ऊनही सोसेनासे होते, तेव्हा मात्र दोन्ही चित्रे एकमेकांत मिसळतात. पाठीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या चिकटवून दोन दिवसांनी पाहण्याची पॅच टेस्ट करून घेतल्यास खात्री होईल. या चाचणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावे लागेल, पण ती खेप वाया जाणार नाही.

पहिल्या उत्तरात ज्या स्टेरॉइडविरुद्ध लिहिले, तेच औषध येथे उपयोगी पडते, कारण येथे शरीराची अतिरेकी प्रतिक्रियाच आजार आहे. किती तीव्रतेचे, कुठे आणि किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवायला हवे. पापणीला आणि तळव्याला एकच मलम चालत नाही. आजार जुना असेल, तर पोटात घेण्याची वेगळी औषधेही देता येतात. शेतात पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, मानेला आणि तोंडाला उपरणे गुंडाळा, परतल्यावर लगेच आंघोळ करा आणि ते कपडे घरात झटकू नका. गवत फुलावर येण्यापूर्वीच, दुसऱ्या कोणाकडून, हातमोजे घालून उपटून घ्या. शेवंती आणि सूर्यफूल याच कुळातली असल्याने त्यांचाही त्रास होऊ शकतो.

प्रश्न : मुलगा वसतिगृहातून सुट्टीला आला तेव्हापासून घरात सगळ्यांना रात्री भयंकर खाज सुटते. मलम लावले, पण आठवड्याने परत तेच.

उत्तर : बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत, बेंबीभोवती बारीक पुरळ असेल, तर ही खरूज आहे. खरजेच्या किड्याची अर्धा मिलिमीटरही न भरणारी मादी त्वचेत बीळ करून अंडी घालते. पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज सुटायला चार ते सहा आठवडेही लागतात, त्यामुळे ज्याला आज काहीच होत नाही तोही ती दुसऱ्याला देत असतो. उपचार फसतात ते येथेच. पर्मेथ्रिन ५ टक्के मलम घरातल्या सर्वांनी, खाज असो वा नसो, एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली आणि गुप्तांगांवरही लावावे, सकाळी धुवावे आणि एका आठवड्याने पुन्हा तसेच करावे. तान्ह्या बाळासाठी आणि गरोदर स्त्रीसाठी आधी डॉक्टरांना विचारावे. त्या दिवशीचे कपडे व चादरी गरम पाण्यात धुवा. धुता न येणाऱ्या वस्तू आठवडाभर पिशवीत बांधून ठेवा. किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहू शकते. ती पाहून रोज मलम चोळत राहिल्यास त्वचा आणखी खाजेल.

प्रश्न : अंगावर पित्त उठते तेव्हा आमसूल लावावे का?

उत्तर : आमसुलाच्या थंड पाण्याने तात्पुरते बरे वाटते आणि त्यात सहसा अपाय नाही, पण या गांध्यांचा पोटातल्या पित्ताशी संबंध नसतो. त्वचेतील पेशींतून हिस्टामिन नावाचे रसायन सुटल्याने त्या उठतात आणि एकेक गांधी बहुधा २४ तासांत विरते. झोप न आणणारी हिस्टामिनविरोधी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. सहा आठवड्यांहून अधिक काळ चालले, तर ती नियमित घ्यावी लागते. ओठ किंवा जीभ सुजली, आवाज बदलला अथवा श्वास कोंडला, तर आमसूल शोधत बसू नका, तडक रुग्णालय गाठा.

प्रश्न : आईचे वय ७४. अंगावर काही दिसत नाही, पण पिंडऱ्या आणि पाठ रात्रंदिवस खाजते. हिवाळ्यात जास्त.

उत्तर : या वयात त्वचेतील स्निग्धता कमी होते आणि खाजेचे सर्वांत नेहमीचे कारण नुसता कोरडेपणा हेच असते. आंघोळ कोमट पाण्याने आणि थोडक्यात आटोपावी, साबण काख, जांघ व पाय एवढ्यापुरताच ठेवावा, घासणी वापरू नये. अंग टिपल्यावर ते ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, खोबरेल तेल, पेट्रोलियम जेली किंवा जाडसर मॉइश्चरायझर लावावे आणि झोपताना पुन्हा लावावे. लोकर थेट अंगाला लागू नये म्हणून आत सुती कपडा घालावा.

असे तीन आठवडे नेटाने करूनही खाज कमी झाली नाही, तर रक्ताच्या तपासण्या करून घ्या : साखर, थायरॉइड, यकृत, मूत्रपिंड, हिमोग्लोबिन आणि लोह. पुरळ नसताना सतत राहणारी खाज कधी कधी याच अवयवांच्या आजाराची पहिली खूण असते. सोबत वजन घटत असेल, रात्री घाम सुटत असेल किंवा मानेत, काखेत गाठी लागत असतील, तर तीन आठवडे थांबू नका. आई रक्तदाबाच्या किंवा इतर कोणत्या गोळ्या घेत असतील, तर त्यांची पाकिटे बरोबर न्या. काही औषधांमुळेही खाज सुटते आणि ते पाकीट पाहिल्याशिवाय कळत नाही.