शेतात-रानात पाहून काढलेल्या सुरुवातीच्या निष्कर्षांवर कितपत विश्वास ठेवावा?

ठेवावा. पण जे दिसलं त्यावर ठेवावा, ते का घडलं यावर लगेच ठेवू नये. बातमीत दोन्ही एकत्र कालवलेलं असतं, आणि पुढे कारण बदललं की लोक निरीक्षणही फेकून देतात. पक्षी, पाणी, पिकं अशा सगळ्या विषयांना एकच कसोटी लावता येते का, असं तुम्ही विचारलंय. मी यवतमाळ जिल्ह्यात कापूस पिकवतो, म्हणून आधी कापसाचं सांगतो.

२०१७ ला विदर्भात गुलाबी बोंडअळीनं हाहाकार केला हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या शिवारात ती त्याआधीच दिसत होती. पहिल्यांदा वेचणीच्या बायकांनी सांगितलं, "भाऊ, इकडच्या तासांत कवडी लय निघून राहिली." कवडी म्हणजे किडीनं खराब झालेला, नीट न फुललेला कापूस. मी हिरवी बोंडं तोडून फोडायला लागलो. बाहेरून बोंड एकदम चांगलं, कारण बारीक अळी आत शिरली की तिचं छिद्र बुजून जातं. आत सरकी खात बसलेली अळी. मी वहीत तारीख, वावर, बियाण्याचं वाण, किती बोंडं फोडली आणि कितींत अळी निघाली एवढंच लिहीत गेलो. कंपनीच्या माणसाला वही दाखवली तर त्यानं ती उघडलीही नाही. "काका, हे बीजी-टू आहे. यात बोंडअळी येतच नाही, दुसरी कोणती अळी असेल." बीजी-टू म्हणजे बोंडअळी मारणारी दोन जनुकं घातलेलं बीटी कापसाचं बियाणं. माझे साडू कृषीचे एम.एस्सी. एका लग्नात चार पाहुण्यांसमोर ते म्हणाले, "एका वावरावरून काही सिद्ध होत नाही, याला सायन्स म्हणत नाहीत."

खरं तर बीटीतल्या पहिल्या जनुकाला गुजरातेतली गुलाबी अळी दाद देत नाही, हे २०१० लाच जाहीर झालं होतं. दोन जनुकांचं बीजी-टू भारतात २००६ पासून पेरलं जात होतं. अळीनं बीटीला दाद न देणं लांबावं म्हणून बांधाकडेनं बिगर-बीटी सरकी लावायची असते, ती बहुतेकांनी लावलीच नाही. फरदडीच्या, म्हणजे हंगाम संपल्यावरही त्याच झाडांपासून आणखी कापूस घेण्याच्या नादात पऱ्हाटी (कापसाची झाडं) फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी राहिली आणि अळीला वर्षातले बरेच महिने खायला मिळालं. ही कारणं पुढे अभ्यासकांनी मांडली. माझ्या वहीत कारण नव्हतंच, फक्त फोडलेली बोंडं होती, आणि ती आजही खरी आहेत.

लोणारचंही तसंच. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं, ते गावकऱ्यांना डोळ्यांनी दिसलं. शेवाळामुळे झालं असेल, असं सुरुवातीला बरेच जण म्हणत होते. नंतर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवलं. कारण बदललं म्हणून पाणी गुलाबी झालंच नव्हतं, असं कोणी म्हणेल का?

उलटा धडा रानपिंगळ्याचा, म्हणजे रानातल्या एका छोट्या घुबडाचा आहे. १८८४ नंतर हा पक्षी कोणाला खात्रीनं सापडत नव्हता. एका संग्रहात १९१४ ची, गुजरातेतल्या मांडवीची चिठ्ठी लावलेला एक नमुना होता, म्हणून शोध तिकडेही झाला. तो नमुना दुसऱ्याच्या संग्रहातून चोरून, खोटी जागा-तारीख लिहून ठेवलेला निघाला. ती चिठ्ठी बाजूला सारून अमेरिकी पक्षी-अभ्यासक पामेला रासमुसेन आणि सोबत्यांनी खऱ्या जुन्या नोंदींच्या जागी शोधलं, तेव्हा १९९७ ला शहाद्याजवळ पक्षी दिसला. पुढे आपल्या मेळघाटातही सापडला. मेळघाटात फिरणाऱ्या पोरांना मी हे नेहमी सांगतो: पक्ष्याचं नाव ओळखता आलं नाही तरी चालेल, जागा आणि तारीख खोटी नको.

तेव्हा निष्कर्ष वाचताना एवढं बघा: कोणी, कुठे, कधी, कितीत किती. हे असेल तर निरीक्षण एका वावराचं असलं तरी ते विज्ञानच आहे. साडूंनी त्या दिवशी "चला, अजून चार वावरांत फोडून बघू" म्हणायला हवं होतं. शिकलेल्या माणसाचं ते काम होतं. "सिद्ध होत नाही" म्हणून वही मिटवणं हे काही विज्ञान नव्हे. ते हे वाचतील तर वाचोत, मी तोंडावरही हेच म्हणतो.

आता एक राहिलं. माझ्या वावरावरून जिल्ह्याचं नुकसान काढता येत नाही, ते मी कधी काढलंही नाही. त्याला वेगवेगळ्या जमिनी, कोरडवाहू-ओलीत, लवकर-उशिरा पेरलेलं, असं सगळं मोजावं लागतं. आणि तुम्ही स्वतः नोंद ठेवणार असाल तर निरोगी बोंडंही लिहा. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात) ज्या रात्री एकही पतंग नाही, ती रात्रही लिहा. फवारणीचा निर्णय घ्यायचा निकष सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग असा सांगतात. रिकाम्या रात्री लिहिल्याच नाहीत, तर त्या तीन रात्री सलग होत्या हे कशावरून ठरवणार?