'ग्लेझ'ला मराठीत झिलई म्हणावं का?

पुण्यात हौशी सिरॅमिकचा वर्ग करणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांना वर्गाचं माहितीपत्रक मराठीत करायचंय. ग्लेझला, म्हणजे भाजलेल्या मातीच्या भांड्यावरच्या काचेसारख्या थराला, झिलई म्हणायचं, रोगण म्हणायचं की मुलामा? आणि घरचे सरसकट 'भांडी रंगवणं' म्हणतात, ते चालेल का?

आधी शेवटच्याचं उत्तर देतो: नाही चालणार. ग्लेझ हा रंग नाही, ती काच आहे. गारेची (गारगोटीची) पूड, थोडी माती आणि मिश्रण लवकर वितळावं म्हणून घातलेले क्षार असा पाण्यात कालवलेला तो घोळ असतो; भट्टीत वितळून त्याची काच होते. नुसती गार वितळवायची तर १७०० अंश सेल्सिअसच्या पुढे जावं लागतं. या क्षारांमुळे तेच काम हजार-साडेबाराशे अंशांत होतं. रंग आणतात ते धातू: लोखंडाने मधाळ पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत छटा येतात, तांब्याने बहुधा हिरवा, कोबाल्टने निळा.

आता झिलई. शब्द मूळचा अरबी 'जिला'वरून आलेला. अर्थ घासूनपुसून आणलेली चमक. सोनार दागिन्याला झिलई देतो तेव्हा वरून काहीच लावत नाही, असलेलंच उजळतो. मराठीत झिलई 'देतात', ती 'येते', 'चढते' आणि 'उतरते'. तिला डब्यात भरून ठेवता येत नाही. म्हणून "दोन किलो झिलई आणली" हे वाक्य कानाला खटकतं, आणि ते खटकणं बरोबर आहे.

वर्गात जे घडतं तेही याला धरूनच आहे. एकदा भाजलेला कप चिमट्यात धरून बादलीत बुडवला की कोरडी माती पाणी झटकन शोषते आणि वर खडूसारखा मळकट थर बसतो. कोबाल्ट कार्बोनेट घातलेला थर तर फिकट जांभळट दिसतो. हा निळा होणार आहे हे सांगूनही नवख्याला पटत नाही. मग ओल्या स्पंजने बूड पुसायचं, नाहीतर कप भट्टीच्या फळीलाच चिकटतो. इथपर्यंत चमक नावालाही नाही. ती येते भट्टीतून बाहेर पडल्यावर. तेव्हा माझा सल्ला असा: बादलीत असतो तो ग्लेझ, भांड्यावर येते ती झिलई. "ग्लेझ लावला, सुंदर झिलई आली." दोन्ही शब्दांना काम मिळतं.

अडचण एकच, मॅट ग्लेझची. 'बिनचमकीची झिलई' म्हणजे 'कोरडा रस्सा'. तिथे सरळ मॅट ग्लेझ म्हणावं, किंवा फारच मराठी हवं असेल तर 'मंद ग्लेझ'. 'काचलेप' हा घडवलेला शब्द अर्थाने चोख आहे, पण वर्गात तो कुणी बोलेल असं मला वाटत नाही.

रोगण वेगळं. फारसीत रोगन म्हणजे तेल, तूप; आपल्याकडे तो शब्द लाकडावरच्या तेलकट, चकचकीत हातासाठी रुळला. भट्टीशी त्याचा संबंध नाही. भाजलेल्या पणतीवर ॲक्रिलिक रंगांनी नक्षी काढून वरून व्हार्निश मारलं, तर ते खुशाल रंगकाम आणि रोगण म्हणा. हा फरक पत्रकात राखाच, कारण त्यात पोटाचा प्रश्न आहे. रोगण मारलेली वस्तू शोभेची; तिच्यात चहा ओतायचा नाही. खाण्यापिण्याच्या भांड्याला ग्लेझच हवा, तोही शिशाचा नको.

मुलामा हा धातूचा पातळ थर. कपाच्या काठाला सोनेरी रेघ देतात, ती आधीच भाजलेल्या ग्लेझवर ओढून कमी आचेवर पुन्हा भाजतात. तिला 'सोन्याचा मुलामा' म्हणणं अगदी चपखल. मिनाकाम मात्र इथे आणू नका: तिथेही काचच असते, पण ती धातूवर.

एक गंमत सांगायचा मोह होतोय. कसब्यातल्या तांबट आळीमुळे पुणेकरांना कल्हई नवी नाही. कल्हई म्हणजे कथील, आणि त्याच कथिलाचं ऑक्साइड मिसळलं की पारदर्शक ग्लेझ दुधासारखा पांढरा होतो. इटलीच्या माजोलिका भांड्यांचा पांढरेपणा त्यातूनच आलेला. तरी त्याला कल्हई म्हणू नये हे वेगळं.

बाकीच्या तंत्रांना साधी वर्णनंच बरी. अंडरग्लेझला 'ग्लेझखालचा रंग', ओव्हरग्लेझला 'ग्लेझवरचा रंग'. मेण लावलेल्या जागी ग्लेझ धरत नाही, त्याला 'मेण लावून जागा राखणं'. स्ग्राफितोला 'खरवडून काढलेली नक्षी'. एक-दोनदा कंसात इंग्रजी शब्द न देता असं लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं.

राहिलं लिंग. 'तो ग्लेझ' आणि 'ते ग्लेझ' दोन्ही कानावर येतं, आणि झिलईच्या ओढीने कुणी 'ती ग्लेझ' म्हटलं तरी नवल नाही. रंग, लेप, थर हे सगळे पुल्लिंगी, म्हणून मी 'तो' पसंत करतो. पत्रकात काहीही ठेवा, फक्त पहिल्या पानावर 'तो' आणि तिसऱ्यावर 'ते' नको.